सावलीच्या झाडांना सूर्य विकणारे

"बॅटनखाली झाडं वाढत नाहीत, शेवाळ वाढतं. आधी नीट दिवा घे, मग झाडांचं बघू." आमच्या इमारतीतल्या सातवीतल्या एका मुलीला हे ऐकवणारे गृहस्थ फिशटँकच्या छंदात मुरलेले आहेत, आणि नवशिके त्यांचा शब्द प्रमाण मानतात. मुलीने वाढदिवसाच्या पैशांतून दोन फुटी टँक घेतला होता. तिला त्यात हवं होतं ते एवढंच: एक ॲन्युबियस, थोडं जावा फर्न आणि लाकडावर बांधायला मॉस. गृहस्थांनी सांगितलेला दिवा टँक, फिल्टर आणि मासे या सगळ्यांच्या एकत्रित किमतीपेक्षा महाग होता. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, मग प्लास्टिकची झाडंच लावू का?"

त्या प्रश्नाचा मला राग आला. मुलीचा नव्हे, तिला तिथवर नेणाऱ्या सल्ल्याचा.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. बॅटन, म्हणजे घरातला पांढरा एलईडी दिवा, माणसाच्या डोळ्यांसाठी बनवलेला असतो, झाडांसाठी नाही. झाडांना लाल आणि निळा प्रकाश लागतो, तर पांढऱ्या दिव्यात हिरवा-पिवळा भरलेला, आणि तो झाडाला निरुपयोगी. शिवाय घरगुती दिव्याचा प्रकाश वाळूपर्यंत पोचत नाही, तो शेवाळ आणतो आणि लवकर मंदावतो.

शेवटचे तीन मुद्दे झटपट निकालात निघतात. फूटभर खोल पाण्यात प्रकाश इतका कमी होत नाही की सावलीतलं झाड उपाशी राहील. उलट काचेच्या आतल्या बाजूंवरून परावर्तन होऊन बराचसा प्रकाश आतच फिरतो. शेवाळ येतं ते बारा-बारा तास दिवा लावल्याने, जास्त खाणं टाकल्याने आणि पाणी न बदलल्याने. आणि दिवा मंदावला तर नवा बॅटन आणावा, तो परवडतो.

हिरव्या प्रकाशाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण सगळी भीती त्याच्यावर उभी आहे. पान हिरवं दिसतं, म्हणजे ते हिरवा प्रकाश परत फेकतं, म्हणजे तो त्याला नको असतो, असा हा तर्क. ऐकायला तो सरळ वाटतो, पण चुकीचा आहे. पान हिरव्या प्रकाशाचा थोडा भाग परत फेकतं, थोडा आरपार जाऊ देतं आणि बराच मोठा भाग शोषून घेतं. दिव्यांच्या खोक्यांवर निळ्या आणि लाल रंगात दोन उंच सुळके असलेला जो आलेख छापतात, तो पानाचा नसतोच. पानातून हरितद्रव्य काढून, ते द्रावणात विरघळवून, परीक्षानळीत मोजल्यावर तो मिळतो. जिवंत पानात प्रकाश पेशींमध्ये धडकत, वळत, पुन्हा पुन्हा हरितद्रव्यासमोरून जातो. पहिल्या फेरीत निसटलेला हिरवा किरण पुढच्या एखाद्या फेरीत पकडला जातो. शिवाय हरितद्रव्याच्या मदतीला पानात इतर रंगद्रव्यंही असतात.

हे मोजून झालं त्यालाही अर्धशतक उलटलं. १९७२ साली कीथ मक्री या शास्त्रज्ञाने २२ पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात ठेवून प्रकाशसंश्लेषण मोजलं. लाल सगळ्यांत सरस ठरला हे खरं, पण हिरवा निळ्याच्या फार मागे नव्हता. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळा प्रकाश झाडाच्या उपयोगाचा, हे त्यातून दिसलं. यावर "ती शेतातली पिकं होती, पाणवनस्पती नव्हत्या" असा आक्षेप येतो. पण ॲन्युबियस ही पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या ओढ्यांच्या काठची वनस्पती आहे. तिची पानं पाण्याबाहेरही तितक्याच आनंदाने वाढतात. जावा फर्नही खडकांना चिकटून पाण्याबाहेर जगतं. यांचं हरितद्रव्य काही वेगळ्या जातीचं नाही.

पांढऱ्या एलईडीची घडणही पाहू. आत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. काही निळा प्रकाश तसाच बाहेर पडतो, उरलेला फॉस्फरमधून हिरवा, पिवळा आणि लाल होऊन. गडद लाल त्यात कमी असतो, हे मान्य. पण महागड्या दिव्यातला पांढरा एलईडीही याच घडणीचा असतो. आणि ज्या लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांची हे गृहस्थ तोंड भरून स्तुती करतात, त्यांत हिरव्या चिप्स मुद्दाम बसवलेल्या असतात, झाडं डोळ्यांना टवटवीत दिसावीत म्हणून. दोन हजारांच्या आत मिळणारा हिरवा प्रकाश वाया जातो आणि पंधरा हजारांच्या दिव्यातला जात नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

हा वाद मला नवा नाही. चोक आणि स्टार्टरच्या ट्यूबलाइटच्या काळात अशाच एका जाणकाराने मला गुलाबी ट्यूब घ्यायला लावली होती, साध्या ट्यूबखाली व्हॅलिस्नेरिया पिवळी पडेल म्हणून. गुलाबी ट्यूब गेल्यावर परत आणायला पैसे नव्हते, म्हणून घरातली जुनी ट्यूब लावली. व्हॅलिस्नेरियाने चार महिन्यांत टँकची मागची काच झाकून टाकली. पुढे "गॅलनला दोन वॅट" हा नियम आला. आपल्याकडे टँक गॅलनमध्ये कुणी मोजत नाही, तरी तो पाठ केला गेला. तो नियम ट्यूबलाइटसाठी होता. एलईडी तितक्याच वॅटमध्ये कितीतरी जास्त प्रकाश देतो, म्हणून तो इथे लागूच होत नाही. तरी आजही लिटरला अर्धा वॅट मागणारे भेटतात. दिवा बदलतो, पण नवशिक्याला घाबरवण्याची पद्धत तीच राहते.

या सल्ल्याने आणखी एक नुकसान होतं, आणि ते मला सगळ्यांत जास्त सलतं. झाड मेलं की दोष दिव्यावर जातो आणि खरं कारण दडून राहतं. रोपवाटिकेत यातली बरीच झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. टँकमध्ये बुडवल्यावर त्यांची जुनी पानं गळतात आणि पाण्याला सरावलेली नवी फुटतात. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली तरी आठवड्याभरात विरघळल्यासारखं होतं, आणि मुळं शाबूत असली तर पुन्हा उगवतं. ॲन्युबियसचा आडवा जाड कंद वाळूत पुरला तर तो कुजतो. तो दगडाला दोऱ्याने बांधायचा असतो. हे कुणी सांगत नाही. दिव्याचा मॉडेल नंबर मात्र सगळे सांगतात.

वाळूवर गालिचा पसरणारी झाडं, लालभडक रोटाला यांना जोरदार प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खत लागतं. त्यांच्यासाठी महाग दिवा जरूर घ्यावा. पण त्या मुलीने गालिचा मागितला नव्हता.

मग करायचं काय? दोन फूट लांब, एक फूट उंच टँकवर दोन फुटी, १० वॅटचा, ६५०० केल्विनचा साधा बॅटन पुरतो. त्यातून साधारण हजार ल्युमेन प्रकाश मिळतो. टँक रिकामा असताना मोबाईलचं लक्स मोजणारं ॲप तळाशी धरावं. आकडा अंदाजाचाच असतो, पण १००० ते २००० लक्स दिसले तर काम झालं. अशा पांढऱ्या प्रकाशात लक्सला सुमारे ७० ने भागलं की झाडांच्या उपयोगाचा प्रकाश मायक्रोमोल या एककात मिळतो, आणि सावलीतल्या झाडांना १५ ते ३० मायक्रोमोल पुष्कळ होतात. दिवसाला सात तास, टायमर लावून. बॅटन आणि पाण्याच्या मध्ये काचेचं झाकण असावंच. वायर प्लगकडे वर नेण्याआधी एकदा खाली झुकू द्यावी, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाही. खर्चाचं म्हणाल, तर सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ती स्वस्ताई फिशटँकच्या झाकणापाशी का थांबावी?

त्या मुलीने प्लास्टिकची झाडं घेतली नाहीत. बॅटन तिच्या वडिलांनी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणला. जावा फर्नची जुनी पानं काळी पडली तेव्हा ती रडकुंडीला येऊन वर आली. त्या पानांच्या कडांना फुटलेली इवली रोपं मी तिला दाखवली. परवा तिने पुन्हा बोलावलं. ॲन्युबियसला चौथं नवं पान आलं होतं, अजून गुंडाळलेलं, जुन्या गडद पानांमध्ये एकटंच पोपटी.