माऊस हातास बेतलेला असावा

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे बक्षीस म्हणून संगणकावर खेळण्याचा बिनतारी माऊस मागण्याची हल्लीं मुलांत चाल आहे. आणि वडील मंडळीहि ज्याची जाहिरात मोठी तो घेऊन मोकळी होतात. चपला घेतांना मुलाचें पाऊल मापून पाहिल्यावांचून आपण पैसे देत नाहीं. मग जी वस्तु तासन्‌तास हाताखालीं राहावयाची, तिच्या आकाराविषयीं ही बेपर्वाई कां?

जाहिरातींत आंकडेच फार. लॉजिटेक कंपनीच्या २०२० सालच्या ‘सुपरलाइट’ माऊसची सूक्ष्मता २५,६०० डीपीआयपर्यंत वाढवितां येते. पण कसलेले खेळाडूहि बहुधा ४०० ते १६०० यांमध्यें आपलें काम भागवितात. आकड्यांनीं हात सुखावत नाहीं.

पहिला माऊस अमेरिकेंत १९६४ सालीं डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं तयार केला. ती लांकडाची एक ओबडधोबड पेटी होती, खालीं दोन चाकें. तारेच्या शेपटीवरून हें नांव पडलें असें सांगतात. आतां शेपूट गेलें, नांव तेवढें उरलें! तेव्हां हातानें पेटीशीं जुळवून घ्यावयाचें होतें. आज पेटी हाताशीं जुळवून घेते. परंतु कोणाच्या हाताशीं? बहुतेक प्रौढांच्या, असें आम्हांस दिसतें.

माऊस धरण्याच्या मुख्य तऱ्हा तीन. कोणी सबंध तळहात पाठीवर टेकतो. कोणी तळहाताचा मागचा भागच टेकून बोटें पंजासारखीं वांकवितो. कोणी नुसत्या बोटांच्या टोंकांनीं चालवितो. पहिल्याच्या तळव्यांत पाठीचा उंचवटा भरून यावा लागतो. तिसऱ्यास तोच उंचवटा अडथळा होतो. म्हणून एकास उत्तम वाटलेला माऊस त्याच्याच बाकावरील सोबत्यास जाचतो, आणि दोघांपैकीं कोणाचेंहि खोटें नसतें.

मधल्या बोटाच्या टोंकापासून मनगटाच्या रेघेपर्यंत हात मोजावा व माऊसची लांबी त्याच्या सुमारें ६० टक्के असावी, असा एक ठोकताळा खेळाडूंत आहे. ह्या हिशेबानें १६ सेंटिमीटरांच्या हातास ९६ मिलिमीटर पुरे. सुपरलाइट १२५ मिलिमीटर लांब आहे, आणि त्याहून लहान असा त्याच कंपनीचा ‘जी३०५’ देखील ११६.६! आम्ही ठोकताळ्यास कायदा मानीत नाहीं. बोटांनींच धरणारास लांबी फारशी नडत नाहीं. रुंदी मात्र नडते. आंगठा व पलीकडचीं बोटें यांच्यामध्यें माऊस सहज न मावल्यास मूल तो आवळून धरतें, आणि त्या आवळण्याचा शीण मनगटापर्यंत पोंचतो.

डावखुऱ्या मुलांची कथा निराळीच. सुपरलाइट दोन्ही बाजूंनीं सारखा दिसतो खरा, पण आंगठ्याचीं बटनें डाव्या अंगासच आहेत. म्हणजे तीं उजव्या आंगठ्याच्याच कामाचीं. त्याच कंपनीच्या २०१८ सालच्या ‘जी प्रो वायरलेस’मध्यें तीं हवीं त्या बाजूस बसवितां येत. लेखणीच्या बाबतींत डाव्या हातावर होणारा जुलूम शाळांनीं सोडीत आणला असतां, तो घरच्या मेजावर पुन्हां सुरू व्हावा हें आम्हांस पसंत नाहीं.

वजनाची होड चालू आहे. सुपरलाइट ६३ ग्रॅमांहून हलका, तर जी३०५ सेलसह ९९. मुलाच्या हातास हलकेपणा मानवतो, पण आकार चुकला असेल तर हलकेपणानें ती उणीव भरून येत नाहीं. जी३०५ मध्यें साध्या सेलऐवजीं लिथियमचा घातला तर सुमारें ८ ग्रॅम कमी होतात.

दुकानांत घटकाभर धरून परीक्षा होत नाहीं. शक्य तर मित्राचा माऊस अर्धा तास वापरून पाहावा. करंगळी मेजावर घासते काय, आंगठा बटनाकडे ताणावा लागतो काय, खेळ थांबल्यावर मूल हात झटकतें काय, एवढें आईबापांनीं शेजारीं बसून पाहावें आणि मग पैसे मोजावे.