सायकली परत कशाला नेता?

आधीच सांगून टाकतो, मला सायकलचा राग नाही. रविवारी सकाळी दौलताबादचा घाट चढून घामाघूम होत वेरूळकडे निघालेली मंडळी दिसली की बरंच वाटतं. शरीर त्यांचं, हौस त्यांची. माझं भांडण आहे ते त्या हौसेला 'समाजकार्य' असं लेबल चिकटवण्याशी.

प्रकार तुम्हीही पाहिला असेल. पंधरा-वीस जण, एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर स्पॉन्सरची नावं. मागे केळी आणि पाण्याच्या बाटल्या भरलेली जीप. 'अमुक किलोमीटर, तमुक कारणासाठी' असा बॅनर. आमच्या खुलताबाद तालुक्यातल्या एका गावात असाच एक ताफा आला होता. नाव कशाला घ्या, सगळे सारखेच असतात. शाळेतली पोरं तासभर आधीपासून उन्हात रांगेत. मग पाहुणे आले, टाळ्या झाल्या, स्वागतगीत झालं, वह्या वाटल्या, फोटो निघाले. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं सुद्धा!

त्या वेळात शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकली मी बघत होतो. एकेक चाळीस-पन्नास हजारांची. सातवीतल्या दोन मुली गिअरवरून हळूच बोट फिरवत होत्या. "हात नका लावू गं," असं कोणीतरी म्हणालं. रागावून नाही, अगदी प्रेमाने. मुली मागे सरकल्या. ती शाळा सातवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल साडेचार किलोमीटरवर, आणि मधला रस्ता निर्मनुष्य. त्या दोघींपैकी एक आठवीला गेली. दुसरी गेली नाही. तिला मिळालेल्या वह्यांचं पुढे काय झालं कोण जाणे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं मात्र समजू नका. युरोपातून लोक देणग्या गोळा करून विमानाने गांबिया, सेनेगल, घाना असं जातात आणि तिथल्या खेड्यांतून घोळक्याने सायकली हाकतात. गांबिया-सेनेगलकडे गोऱ्या पाहुण्याला 'टूबाब' म्हणतात. टूबाब दिसला की पोरं धावत सुटतात आणि काहीतरी मागतात. हसू नका, वेरूळच्या लेण्यांबाहेर 'वन पेन, वन पेन' करणारी पोरं आपलीच आहेत. मागायला त्यांना आईबापांनी शिकवलेलं नाही. येता-जाता वाटत सुटणाऱ्यांनी शिकवलंय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, जागृती होते." कोणाची? हायस्कूल लांब आहे हे त्या मुलीला तुमच्याआधी कळलेलं असतं, रोज पायाला कळतं. जागृती व्हायची असेल तर ती शहरात. मग गाव कशाला हवं? फोटोत मागे उभं राहायला?

सायकल यात्रा म्हटलं की कोणीतरी बाबा आमट्यांचं नाव पुढे करतं. बरं झालं काढलंत! १९८५च्या डिसेंबरात बाबा कन्याकुमारीहून 'भारत जोडो'ला निघाले (२०२२ची पायी यात्रा वेगळी). सत्तरी उलटलेली, पाठीच्या कण्याने छळलेलं. ते गाडीत आडवे पडून, आणि बरोबर शंभराहून अधिक तरुण मुलं-मुली सायकलवर, पाच हजार किलोमीटर. १९८८मध्ये पुन्हा इटानगर ते ओखा. पंजाब धुमसत असतानाचे ते दिवस. त्या यात्रेने दंगली थांबल्या असा दावा मी करणार नाही. पण त्या पोरांना कोणी वाटप करायला धाडलं नव्हतं. माणसांना भेटायचं, बोलायचं, ऐकायचं, एवढंच काम. बाबांनी आनंदवन उभं केलं तेच मुळी दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो या विश्वासावर. त्यांचं नाव वह्यावाटपाला जोडू नका, कृपा करा.

आणि सायकलने खरंच काय होतं ते बघायचं असेल तर बिहारकडे बघा. २००६ साली तिथल्या सरकारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगीमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. फायदा जास्त कुठे? जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे! गंमत बघा, सायकल तीच. फक्त तिच्यावर बसणारं माणूस बदललं.

आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात, नाही असं नाही. पण योजनेच्या यादीत एखादं नाव राहून जातं, एखादी सायकल वर्षभरात पंक्चरच्या दुकानात पडून राहते. तिथे लागतो तो माणूस, वर्षभर लक्ष ठेवणारा. टी-शर्टवाला वीस मिनिटांत जातो.

जाता जाता एक आठवलं. आमच्या खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. आफ्रिकेतून, हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. इथे येऊन निजामशाहीचा वजीर झाला, खडकी शहर वसवलं, आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. इथली जमीन ओळखायला तो इथे राहिला होता. आफ्रिकेतून इकडे आलेल्याने नहर दिली, आणि इकडून-तिकडून आफ्रिकेत जाणारे पेनं वाटतात! असो.

तर पुढच्या खेपेला येणार असाल तर एवढं करा. महिनाभर आधी मुख्याध्यापकांना फोन करा आणि सातवीनंतर चालत जावं लागणाऱ्या मुली किती, ते विचारा. गिअरबिअर नको, पाच-सहा हजारांची साधी, कॅरिअर आणि स्टँडवाली सायकल घ्या आणि तीच चालवत या. घाट चढताना जड जाईल, जाऊ द्या, शेवटी तपश्चर्याच करायची आहे ना! शाळेत पोचलात की किल्ल्या मुलींच्या हातात द्या. परत जायला खुलताबादच्या स्टँडवरून एसटी मिळते.