मुक्त संहिता, परके छप्पर

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ सर्रास ‘फुकट’ असा घेतला जातो आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. भारताच्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. निर्मात्याने स्पष्ट परवाना दिला नाही, तर सारे हक्क त्याच्याकडेच राहतात. आपले अनेक तरुण समाजासाठी म्हणून सोर्स कोड जगासमोर ठेवतात, परंतु सोबत परवाना जोडत नाहीत. असा कोड वाचता येतो. कायद्याच्या चौकटीत राहून पुढे नेता येत नाही. दात्याची इच्छा असूनही दान अडकून पडते.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्याची अट सोपी आहे. या कोडवर आधारलेली निर्मिती जो इतरांना देईल, त्याने तिचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यावा. ज्ञान घेतले, त्यात भर घातली आणि पुढे दिले, ही ऋषिऋण फेडण्याची रीत भारतीय मनाला परकी नाही. एमआयटी वा अपाची यांसारख्या सैल परवान्यांत मात्र हे बंधन नाही. तेथे कंपन्यांना कोड उचलून आपल्या बंदिस्त उत्पादनात वापरता येतो. निवड कोणतीही असो, ती विचारपूर्वक व्हावी.

परंतु परवाना मिळाला म्हणजे स्वातंत्र्य मिळाले, असेही नाही. जगातील असंख्य सामूहिक प्रकल्पांचा कोड आज ‘गिटहब’वर नांदतो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरना घेतली. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातील प्रोग्रामरांची खासगी भांडारे अचानक बंद झाली. इराणपुरती मोकळीक मिळायला २०२१ उजाडले. परवाने होते तसेच होते. छप्पर मात्र परक्याचे होते.

असा अनुभव भारताला नवा नाही. अमेरिकेने महासंगणक देण्यात हात आखडता घेतला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम’ साकारला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोताचे धोरण स्वीकारले, पुढे ‘ओपनफोर्ज’ हे स्वतःचे भांडारही उभारले. तरीही २०२० मध्ये ‘आरोग्य सेतु’चा कोड खुला झाला, तो गिटहबवरच! धोरण आणि सवय यांतील हे अंतर चिंतनीय आहे.

उपाय हाताशी आहे. २००५ साली लिनक्सच्या निर्मात्यांना एका कंपनीच्या बंदिस्त साधनाची मोफत सवलत गमवावी लागली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी रडगाणे न गाता ‘गिट’ घडवले. त्यात प्रत्येक सहभागी प्रोग्रामरकडे इतिहासासह संपूर्ण प्रत राहू शकते. प्रत्येक प्रकल्पाने परवाना जोडावा आणि दुसरी प्रत स्वदेशी सर्व्हरवर ठेवावी. त्यासाठी आपल्या विद्यापीठांनी जागा द्यावी. स्वदेशी म्हणजे जगाकडे दारे लावून घेणे नव्हे. दारे उघडीच असावीत. किल्ली तेवढी आपल्या कमरेला असावी.