विश्लेषण : इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्येच का उसळतो? सेन्सर बदलण्याआधी काय तपासावे?

गोंदिया-गोरेगाव-कोहमारा मार्गे नागपूरला निघालेली गाडी. तापमानाचा काटा निम्म्यावर स्थिर. एका खड्ड्यात चाक आदळते, काटा एकदम खाली पडतो, रेडिएटरचा पंखा जोरात फिरू लागतो आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. दोन किलोमीटरवर सारे पूर्ववत. गॅरेजमध्ये गाडी नेली तर दोष दिसतच नाही. मग अंदाजाने सेन्सर बदलला जातो आणि आठवडाभरात काटा पुन्हा नाचू लागतो. असे का होते?

हा सेन्सर करतो काय?

इंजिनातील कूलंटचे तापमान मोजणारा हा छोटा भाग. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. २० अंशांना साधारण दोन ते तीन हजार ओहम असलेला रोध ९० अंशांच्या आसपास दोन-अडीचशे ओहमपर्यंत उतरतो. या बदलावरून इंजिनाचा संगणक (ईसीयू) इंधन किती सोडायचे आणि पंखा कधी लावायचा हे ठरवतो. माहिती चुकली की इंधन जास्त जाते, गरम इंजिन लवकर सुरू होत नाही, काही गाड्यांत एसीही बंद पडतो.

दोष येतो आणि जातो, तो कशामुळे?

अनेकदा सेन्सर निर्दोष असतो. दोष त्याच्याकडे जाणाऱ्या वायरमध्ये किंवा सॉकेटमध्ये असतो. पावसाळ्यात सॉकेटमध्ये ओल शिरून पिना गंजतात. उन्हाळ्यात तापून प्लॅस्टिक ठिसूळ होते, लॉक तुटते. धानाच्या कोठाराशेजारी उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. कूलंट कमी असेल आणि सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा अडकला असेल, तरीही आकडा डळमळतो.

इशारा खरा की खोटा, कसे ओळखावे?

पाणी हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते. त्यामुळे आकडा एका क्षणात ९० वरून उणे ४० वर गेला, तर दोष विजेच्या जोडणीत आहे हे नक्की. वायर तुटली की ईसीयूला उणे ४० च्या आसपासचा आकडा दिसतो. मे महिन्यातल्या गोंदियात तो खरा असणे शक्यच नाही! वायर बॉडीला टेकली, तर उलट आकडा थेट कमाल मर्यादेला जातो. तापमान सावकाश चढत असेल, तर गळती, पंखा, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप तपासायला हवा. महामार्गावर ते सावकाश उतरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकल्याची शक्यता जास्त.

मात्र रस्त्यात लाल दिवा लागला, तर तर्क लढवत बसू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

तपासणीचा क्रम कोणता?

पहिले, थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहावी. दुसरे, रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करण्यापूर्वी स्कॅनर लावावा. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. तिसरे, इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर आलेख पाहत वायर आणि सॉकेट हलक्या हाताने हलवावे. आकडा उडाला की जागा सापडली. चौथे, इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून सॉकेट काढावे. बहुतेक गाड्यांत आकडा उणे ४० कडे जातो. वायरकडील दोन्ही पिना जोडल्या की कमालीकडे. तसे झाले तर वायरिंग आणि ईसीयू त्या क्षणी ठीक आहेत. मग मल्टिमीटरने सेन्सरचा रोध थंड आणि गरम असताना मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडावा. काही गाड्यांत काट्यासाठी वेगळा सेन्सर असतो, हेही लक्षात ठेवावे.

मग स्कॅनरचा कोड पुरेसा का नाही?

पी०११७ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०११८ म्हणजे फार जास्त, पी०११९ म्हणजे अधूनमधून तुटणारा. यातला एकही कोड ‘सेन्सर बदला’ असे सांगत नाही. कोड फक्त कोणत्या सर्किटमध्ये शोधायचे ते दाखवतो. शोधण्याचे काम माणसालाच करावे लागते.

ग्राहक नव्या सेन्सरचे पैसे निमूटपणे देतो. पण तासभर वायर तपासणाऱ्या मिस्त्रीला ‘केले काय?’ असे विचारतो. त्यामुळे मिस्त्रीलाही भाग बदलणेच सोयीचे वाटते. ही सवय दोघांनीही सोडायला हवी. तपासणीची मजुरी आधी ठरवावी आणि काढलेला भाग, स्कॅनरचा आकडा ग्राहकाला दाखवावा.

प्रश्न केवळ चार पैशांचा नाही. दर आठवड्याला खोटा इशारा देणाऱ्या काट्याकडे चालक हळूहळू पाहणेच सोडतो. ‘लांडगा आला रे’च्या गोष्टीसारखे एक दिवस कूलंट खरेच गळते, आणि देवरीच्या जंगलातल्या रस्त्यावर भर दुपारी हेड गॅस्केट जाते. गाडीत रुग्ण असेल, तर हिशेब रुपयांत राहत नाही. म्हणून काटा एकदा जरी उसळला, तरी कारण सापडेपर्यंत तो दोष मिटला असे समजू नये.