आकड्यापुढचे एकक

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. आहार, व्यायाम यांवर त्यानंतर बरेच बोलले गेले आणि ते योग्यच होते. पेडणे, डिचोलीच्या आरोग्य केंद्रांत इन्सुलिन टोचायला शिकवणाऱ्या परिचारिका आणि औषधे देणारे फार्मासिस्ट यांच्यापुढे मात्र याच आकड्याने आणखी एक काम ठेवले आहे. ते म्हणजे मात्रेचा बिनचूक हिशेब.

आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि पेनचे कार्ट्रिज १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर ते भरते ०.२ मिलि, म्हणजे अवघी ८ युनिट. साखर उतरत नाही, मग मात्रा वाढवली जाते. याउलट १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजने २० पर्यंत ओढले, तर ०.५ मिलि, म्हणजे तब्बल ५० युनिट अंगात जातात. अशी चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून (गोमेकॉ) पेन घेऊन घरी परतलेल्या रुग्णाला गावच्या केंद्रात कुपी द्यायची असेल, तर आधी कुपीवरची तीव्रता आणि सिरिंजचे टोपण या दोन्ही गोष्टी त्याला हातात धरून दाखवायला हव्यात.

मुलांच्या तापाच्या औषधातही हाच धोका आहे. १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लागते. ५ मिलित १२५ मिलिग्रॅमचे सिरप असेल तर ६ मिलि, २५० चे असेल तर ३ मिलि आणि मिलिला १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर फक्त १.५ मिलि. 'एक चमचा द्या' हे सांगणे म्हणून अपुरे आहे. बाळाचे वजन, बाटलीवरची तीव्रता आणि मिलि या तिन्हींची नोंद चिठ्ठीवर हवी.

अ‍ॅड्रेनलिनवर गुणोत्तर असते. १:१००० म्हणजे १००० मिलित १ ग्रॅम, अर्थात मिलिला १ मिलिग्रॅम. १:१०,००० त्याच्या दहापट सौम्य. पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण येतो, प्रतिविष सुरू होते आणि तीव्र प्रतिक्रिया उमटली की प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावे लागते. त्या क्षणी भागाकार करत बसायला वेळ नसतो. म्हणून १:१००० च्या अ‍ॅम्प्यूलसाठी '०.५ मिलि' ही नोंद ट्रेवर आधीच चिकटवलेली असावी.

लिहिण्याची शिस्तही तितकीच महत्त्वाची आहे. ५.० मधला बिंदू पुसट झाला की ५० वाचले जाते, म्हणून पूर्णांकापुढे शून्य नको. .५ मधला बिंदू दिसला नाही तर ५ होतात, म्हणून ०.५ असेच लिहावे. युनिट हा शब्द पूर्ण लिहावा. नुसते इंग्रजी 'यू' (U) हे अक्षर शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. मायक्रोग्रॅमही पूर्ण लिहावे, कारण थायरॉक्सिनचे ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम, इथे एकक चुकले तर फरक हजारपटीचा पडतो.

मराठी वाचणाऱ्या तालुक्यांत याला आणखी एक जोड हवी. मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नऊसारखा. घरच्या माणसांसाठी चिठ्ठी लिहिताना आकड्याशेजारी अक्षरांतही मात्रा लिहावी: ४ (चार) युनिट.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले होते. केंद्रे लहान असली तरी त्यासाठी जे करायचे ते त्यांच्या हातात आहे. इन्सुलिन, अ‍ॅड्रेनलिन आणि मॅग्नेशियम सल्फेट देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे हिशेब करून पाहावा आणि दोन्ही उत्तरे जुळल्याशिवाय सुई टोचू नये. प्रत्येक केंद्राच्या प्रमुखांनी हा नियम या महिन्यापासूनच लागू करावा.