राउटर घेताना भिंती पाहा

बेणे निवडताना आपण आधी जमीन पाहतो. घरातल्या वायफायचा राउटर घेताना मात्र दुकानदार म्हणेल ते खरे! ‘चार अँटेनांचा घ्या, रेंज जास्त’ एवढ्या बोलण्यावर पैसे मोजले जातात. हे थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अँटेना मोजू नका, घराच्या भिंती पाहा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झला वेग जास्त, पण जाड दगडी भिंत आली की तिचा दम तुटतो. म्हणून दोन्हींवर चालणारा, म्हणजे ड्युअल बँडचा राउटर घ्यावा. दुसरे असे की, कनेक्शन ५० एमबीपीएसचे असेल तर कितीही भारी राउटर इंटरनेटचा वेग त्यापुढे नेणार नाही. विहिरीत पाणी बेताचे असेल तर दहा घोड्यांची मोटार काय कामाची?

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटात किंवा पत्र्याआड नको. मागच्या सोप्यात रेंज पोचत नसेल, तर तिथवर केबल ओढून दुसरा साधा राउटर बसवावा. लाईट गेली की पोरांचा अभ्यास अडतो. तेव्हा राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालतील असा छोटा यूपीएस घ्यावा. पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा.

उसाच्या बिलातला पैसा घामाचा आहे. तो खोक्यावरचे आकडे पाहून नव्हे, गरज पाहून खर्च व्हावा.

– ऊस विकास अधिकारी