बेचाळीस वर्षांचा 'नवखा' आणि मेरिटचं तुणतुणं

मेरिटचं तुणतुणं वाजवणाऱ्यांना आम्ही सॅचेल पेजची गोष्ट ऐकवतो. अमेरिकेतल्या अलाबामात १९०६ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय बेसबॉल पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. त्याची उमेदीची वीस वर्षं निग्रो लीगमध्ये गेली, कारण मेजर लीगचं दार कातडीचा रंग पाहून बंद होतं. लेखी नियम नव्हता. गोऱ्या मालकांची आपसात समजूत होती. जात तरी कुठे नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेली असते?

१९४८ मध्ये क्लीव्हलँडने त्याला घेतलं, तेव्हा हा 'नवखा' ४२ वर्षांचा होता. त्या मोसमात त्याच्या नावावर ६ विजय आणि १ पराभव. मग इतकी वर्षं कमी काय होतं, मेरिट की मालकांची नियत?

बेब रुथचे ७१४ होमरनही याच बंद दाराआडचे. पेजसारख्यांना बाहेर ठेवून केलेल्या विक्रमांचं मेरिट कोण तपासणार?

१९७१ मध्ये हॉल ऑफ फेमने पेजला निवडलं, पण आधी वेगळ्या दालनाचा घाट घातला. सन्मान द्यायचा, पण कपबशी वेगळी! टीका झाली, तेव्हा माघार घेतली.

याला आम्ही औदार्य म्हणणार नाही. उशिरा मिळालेला हक्क ही थकबाकी असते, आणि थकबाकी हात जोडून मागायची नसते.

जय भीम!